परवा येणारा थकवा

व्यायामावर बडोद्याइतकी श्रद्धा असलेलं गाव सहज सापडणार नाही. राजरत्न प्रो. माणिकरावांचं जुम्मादादा व्यायाम मंदिर इथलं. मराठीतला दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ द. चिं. मुजुमदारांनी इथूनच काढला. आजही इथल्या समा भागात पहाटे बाहेर पडलात तर स्पोर्ट्स कॉम्प्लेक्सच्या दिशेने खांद्याला रॅकेट लावून निघालेली पोरं दिसतात आणि न्यू समा रोडवर कानटोपी घातलेले आजोबा जोरजोरात हात हलवत चालताना दिसतात. साखर असो, बीपी असो, गुडघे असोत की मनाची मरगळ, डॉक्टरांचा पहिला सल्ला ठरलेला: चालायला लागा. तो बरोबरही आहे. चालण्याइतकं स्वस्त आणि गुणकारी औषध क्वचितच सापडेल.

तरीही एक आजार असा आहे की त्यात हाच सल्ला माणसाला अंथरुणाला खिळवतो. मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम असं त्याचं लांबलचक नाव, थोडक्यात एमई/सीएफएस. जागतिक आरोग्य संघटनेने १९६९ सालीच त्याला मज्जासंस्थेच्या आजारांत जागा दिली. त्याबद्दल वाचायला लागलं की शरीर नावाच्या यंत्राविषयीच्या आपल्या साध्यासुध्या समजुती एकेक करून ढासळायला लागतात.

समा-सावली रोडवरच्या एखाद्या सोसायटीत राहणाऱ्या पस्तिशीच्या बाई डोळ्यांसमोर आणा. सहा-आठ महिन्यांपूर्वी त्यांना जोराचा ताप येऊन गेला, आणि तेव्हापासून गाडी रुळावर आलेलीच नाही. एका रविवारी मात्र त्यांना जरा बरं वाटतं. त्या डोक्यावरून अंघोळ करतात, रिक्षाने दांडिया बाजारात नणंदेकडे हळदीकुंकवाला जातात, अर्धा तास उभ्याउभ्या गप्पा मारतात. संध्याकाळी घरी येतात तेव्हा चेहरा खुललेला असतो. सोमवारही निभतो. मंगळवारी सकाळी केस विंचरायला हात वर जात नाही. घसा दुखतो, काखेत गाठी लागतात, खिडकीतला उजेड डोळ्यांना बोचतो. गॅसवर दूध ठेवल्याचं लक्षात राहत नाही. बोलताना साधा शब्द, ‘सांडशी’सारखा रोजचा शब्द, जिभेवर येत नाही. हे चार दिवस चालतं, कधी चार आठवडे. सासूबाई म्हणतात, “रविवारी हिंडायला जमलं, आणि आज चार पोळ्या लाटायला होत नाही?” नवरा म्हणतो, “अगं, रविवारी तर छान होतीस की तू.” दोघंही जे पाहिलं तेच बोलताहेत, आणि दोघांनाही दिसलेलं नाही ते असं की मंगळवार रविवारातूनच निघाला आहे.

या आजाराची ओळख इथे पटते. काम केलं आणि दमलो, हे सगळ्यांचंच होतं. दमणूक लगेच कळते, माणूस थांबतो, झोप काढतो, सकाळी ताजातवाना उठतो. इथे परिणाम उशिरा येतो, बहुतेकदा १२ ते ४८ तासांनी, कधी त्याहूनही नंतर. तो केलेल्या कामाच्या मानाने भलताच मोठा असतो आणि झोपेने उतरत नाही. रुग्ण त्याला ‘क्रॅश’ म्हणतात. आपल्याकडे लाइटबिल दोन महिन्यांनी येतं. एसी लावताना गार वाटतं, आकडा नंतर कळतो. या रुग्णांचं शरीर तसं वागतं, फरक इतकाच की त्यांच्या घरात मीटर कुठे आहे तेच सापडत नाही.

हे खरं कशावरून? माणूस खोटं बोलत असेल, घाबरत असेल, आळशी झाला असेल. ही शंका दशकानुदशकं घेतली गेली, आणि तिला उत्तर देणारी एक चाचणी अमेरिकेतल्या व्यायामशास्त्रज्ञांनी पुढे आणली. ती इतकी सरळ आहे की आधी कुणाला कशी सुचली नाही याचं नवल वाटतं. रुग्णाला स्थिर सायकलवर बसवायचं, तोंडावर मास्क लावायचा आणि प्रत्येक श्वासात किती ऑक्सिजन आत गेला, किती कार्बन डायऑक्साइड बाहेर आला ते मोजायचं. पायडल हळूहळू जड होत जातं. एका टप्प्याला स्नायूंची गरज नुसत्या ऑक्सिजनवर भागेनाशी होते, आणि बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइड एकदम चढतो. हा टप्पा इच्छाशक्तीने पुढेमागे ढकलता येत नाही. हे सगळं एकदा करायचं, आणि २४ तासांनी पुन्हा करायचं. कळीचा भाग हा दुसरा दिवस. निरोगी माणूस दुसऱ्या दिवशी जवळपास तेच आकडे देतो. वर्षानुवर्षं खुर्चीत बसून काढलेला, जिन्याला धापा टाकणारा माणूसही देतो. एमई/सीएफएसच्या रुग्णांच्या गटात मात्र तो टप्पा सरासरीने खाली येतो. काल जे काम ऑक्सिजनवर झालं, ते आज होत नाही. पहिल्याच दिवशी चाचणी थांबवली असती तर यातल्या बऱ्याच जणांना ‘फिटनेस थोडा कमी आहे, व्यायाम वाढवा’ असा शेरा मिळाला असता. (ही चाचणी सर्रास करण्यासारखी नाही. तिने स्वतःच क्रॅश येतो, आणि काही जणांना त्यातून सावरायला आठवडे लागतात.)

स्नायूंच्या आत काय घडतं तेही २०२४ च्या जानेवारीत पुढे आलं. ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी लाँग कोविडमध्ये असेच क्रॅश येणारे २५ रुग्ण आणि २१ निरोगी माणसं घेतली, त्यांना सायकल चालवायला लावली, आणि आधी व नंतर मांडीच्या स्नायूचा बारीकसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. रुग्णांच्या पेशींतलं ऊर्जा तयार करण्याचं काम व्यायामानंतर आणखी मंदावलेलं होतं आणि स्नायूंचे काही तंतू चक्क मेलेले दिसले. नेदरलँड्समधल्याच डॉक्टरांच्या एका गटाने एमई/सीएफएसच्या चारशेहून अधिक रुग्णांना कलत्या टेबलावर उभं केलं आणि मानेतल्या धमन्यांमधून मेंदूकडे जाणारं रक्त मोजलं. निरोगी माणसात उभं राहिल्यावर ते सुमारे ७ टक्के घटतं. रुग्णांत सरासरी २६ टक्के घटलं, आणि ज्यांचं बीपी नि नाडी अगदी ठीक होती त्यांच्यातल्या बहुतेकांतही घटलं. हळदीकुंकवाला अर्धा तास उभं राहणं म्हणजे त्या बाईंच्या मेंदूने काय सोसलं असेल, याचा अंदाज या आकड्यावरून येतो. ओट्याशी उभं राहून केलेला रोजचा स्वयंपाकही त्यातच आला.

असं असताना डॉक्टरांच्या हातात जे मार्गदर्शन होतं ते काय म्हणत होतं? मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट ती आहे.

१९५५ च्या जुलैत लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये या आजाराची साथ आली. २९२ कर्मचारी आजारी पडले, मुख्यतः परिचारिका आणि डॉक्टर. हॉस्पिटल ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवावं लागलं. मेल्विन रॅमसे या तिथल्या डॉक्टरांनी रुग्ण डोळ्यांनी पाहिले होते, पुढे आयुष्यभर ते या आजारावर लिहीत राहिले. पण १९७० मध्ये मॅकएव्हेडी आणि बिअर्ड या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुनी कागदपत्रं चाळून, एकाही रुग्णाला न तपासता, हा सामूहिक उन्माद होता असा निष्कर्ष काढला. रुग्णांत बायका जास्त होत्या, हाही त्यांचा एक पुरावा. हा शिक्का पुढची कित्येक वर्षं पुसला गेला नाही.

मग २००७ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची मार्गदर्शिका आली. तिने दोन उपचार सुचवले: विचारांची सवय बदलणारं समुपदेशन, आणि टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याचा व्यायाम. गृहीतक असं की मूळ दुखणं केव्हाच गेलं आहे. रुग्ण हालचालीला घाबरून पडून राहतो, म्हणून दुबळा होतो, म्हणून अजून घाबरतो. २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ‘पेस’ नावाच्या चाचणीने त्यावर शिक्कामोर्तब केलं. ६४१ रुग्ण, लाखो पौंडांचा खर्च, आणि जगभर मथळे.

या चाचणीतली एक बारीक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. शारीरिक क्षमता मोजायला त्यांनी दहा प्रश्नांची एक पत्रिका वापरली: जिना चढता येतो का, किराण्याची पिशवी उचलता येते का, अंघोळ आणि कपडे स्वतःचे स्वतः होतात का. गुण शून्य ते शंभर. चाचणीत यायला ६५ किंवा त्याहून कमी गुण असावे लागत, म्हणजे माणूस पुरेसा आजारी आहे. ‘बरा झाला’ म्हणायला आधी ठरलेली रेघ होती ८५. नंतर ती ६० वर आणली गेली. थांबून हिशेब करा: ६५ गुणांनी आजारी म्हणून आत आलेला माणूस आणखी खालावून ६० वर गेला, तरी या एका मोजमापावर तो बरा झालेल्यांच्या रांगेत उभा राहू शकत होता. हे उजेडात आलं ते रुग्णांच्या चिकाटीमुळे. ॲलेम मॅथीज या ऑस्ट्रेलियातल्या रुग्णाने माहितीच्या अधिकारात मूळ आकडे मागितले, चाचणी चालवणाऱ्या विद्यापीठाने नकार दिला, प्रकरण न्यायाधिकरणात गेलं, आणि २०१६ मध्ये आकडे द्यावे लागले. मूळ कसोटीने पुन्हा मोजल्यावर बरे झालेल्यांचं प्रमाण एक आकडी टक्क्यांवर आलं आणि गटागटांत म्हणावा असा फरक उरला नाही. पेसचे संशोधक आपल्या निष्कर्षांवर आजही ठाम आहेत. मला ते पटत नाही. ज्या चाचणीत परीक्षा सुरू झाल्यावर उत्तीर्ण होण्याचे गुण खाली येतात, तिच्या आधारावर आजारी माणसाला ट्रेडमिलवर चढवू नये.

लंडनमधली ही भानगड बडोद्याला कशी पोचली, असं कुणी विचारेल. पुस्तकातून पोचली. एमडी करणारा प्रत्येक विद्यार्थी, बडोदा मेडिकल कॉलेजचा असो की पुण्याच्या बीजेचा, हॅरिसनचं वैद्यकशास्त्राचं जाडजूड पुस्तक वाचतो. त्याच्या २०१२ आणि २०१५ च्या आवृत्त्यांत या आजाराच्या प्रकरणात हेच दोन उपचार होते. ते शिकून बाहेर पडलेले डॉक्टर आज ओपीडीत बसलेले आहेत. ते वाईट हेतूने चालायला सांगत नाहीत. त्यांना तेच शिकवलं गेलं आहे.

आपला स्वतःचा दस्तऐवजही आहे. १३ सप्टेंबर २०२० ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कोविडनंतरच्या काळजीचे नियम काढले. योगासनं, प्राणायाम, च्यवनप्राश, सकाळी किंवा संध्याकाळी झेपेल त्या गतीने चालणं, आणि नोकरीवर टप्प्याटप्प्याने परत जाणं. सयाजी किंवा गोत्रीच्या हॉस्पिटलच्या वॉर्डातून घरी आलेल्या बहुतेकांना यातून बरंच वाटलं असेल, कारण बहुतेक जण त्या वाटेने बरे होतच होते. पण ज्यांना क्रॅश येत होते त्यांच्यासाठी ‘झेपेल तेवढं’ या सूचनेला अर्थच उरत नव्हता. चालताना तर झेपत होतं! झेपलं नव्हतं हे परवा कळणार होतं. शरीराच्या ज्या इशाऱ्यावर ती सूचना भिस्त ठेवते, तो इशाराच या आजारात उशिरा पोचतो.

आयुर्वेदातला अर्धशक्तीचा नियम इथे आठवतो. सुश्रुत सांगतात की आपल्या बळाच्या निम्म्यापर्यंतच व्यायाम करावा, पुढे जाऊ नये. किती शहाणपणाची मर्यादा! आणि तीही इथे पुरी पडत नाही, कारण निम्मं कुठे संपलं ते त्या क्षणाला कळायला हवं.

याच घोळाची दुसरी बाजू गोव्यात दिसते. संशोधक विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर गोव्यात १८ ते ५० वयाच्या २४९४ बायकांना विचारलं: किमान सहा महिने थकवा आहे का? १२.१ टक्के बायका ‘हो’ म्हणाल्या. २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे छापून आलं. आपल्याकडे थकलेल्या बाईला पाहिलं की पहिला प्रश्न ‘हिमोग्लोबिन किती?’ हा असतो. पण या बायकांच्या थकव्याचा हिमोग्लोबिनशी संबंध लागला नाही. तो लागला कमी शिक्षणाशी, घरातल्या उपासमारीशी, नवऱ्याच्या लैंगिक जबरदस्तीशी, मनाच्या दुखण्याशी. हे संशोधन मला फार मोलाचं वाटतं. ज्या बाईवर नवरा जबरदस्ती करतो आणि जिच्या पोटाला पुरेसं मिळत नाही, तिच्या थकव्यावर लोहाच्या गोळ्या लिहून मोकळं होणं हा अन्याय आहे, हे त्याने आकड्यांनिशी दाखवलं.

पण ‘सहा महिने थकवा’ एवढाच प्रश्न विचारला तर त्या एका जाळ्यात अनेक मासे येतात: थायरॉइड, क्षयरोग, नैराश्य, बी१२ ची कमतरता, छळ, कर्ज, आणि त्यातच कुठेतरी एमई/सीएफएस. पेसचीही हीच गफलत होती. तिथे प्रवेशाला मुख्य अट थकव्याची होती, क्रॅशची नव्हती. नैराश्याने थकलेल्या माणसाला चालण्याने खरंच बरं वाटतं. त्याला आणि क्रॅश येणाऱ्याला एकाच पिशवीत घालून सरासरी काढली की सरासरी छान दिसते आणि पिशवीतला एक माणूस खाली जातो.

ऑस्ट्रेलियातल्या डब्बो या गावच्या अभ्यासातली एक गोष्ट आपल्या गावांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. तिथे तीन अगदी वेगळ्या संसर्गांनी आजारी पडलेल्या २५३ जणांवर लक्ष ठेवलं. सहा महिन्यांनी साधारण १२ टक्के लोक थकव्यातून बाहेर आलेले नव्हते, आणि जंतू कोणता यावरून हे प्रमाण फारसं बदललं नाही. स्वभाव कसा, आधी मानसिक त्रास होता की नव्हता, यावरूनही ठरलं नाही. मूळ आजारपण किती तीव्र होतं यावरून ठरलं. त्या तीन जंतूंपैकी एक रॉस रिव्हर विषाणू. तो चिकनगुनियाच्या कुळातला, दोघेही अल्फाव्हायरस, दोघेही डासांतून येणारे. २००६ मध्ये भारतात चिकनगुनियाचे सुमारे १३.९ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले, महाराष्ट्र आणि गुजरात दोन्ही त्यात होते. ‘चिकनगुनिया झाला आणि तेव्हापासून ती पूर्वीची राहिली नाही’ हे वाक्य आपण किती घरांतून ऐकलेलं आहे! सांधे दुखतात म्हणून ते सांध्यांच्या खात्यात जमा झालं. त्यातल्या कुणाला परवा येणारा थकवा होता का, हे विचारायला हवं होतं.

अखेर बदल झाला. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २०१५ मध्ये क्रॅश हे निदानाचं अनिवार्य लक्षण ठरवलं. ‘नाइस’ने सगळा जुना पुरावा पुन्हा तपासला, तो कमी किंवा अत्यंत कमी दर्जाचा ठरवला, आणि नवी मार्गदर्शिका तयार केली. ऑगस्ट २०२१ मध्ये, प्रकाशनाच्या आदल्या दिवशी, ती थांबवली गेली, कारण काही डॉक्टरांच्या संघटनांना व्यायाम सोडवत नव्हता. २९ ऑक्टोबरला ती आली. वाढवत नेण्याचा ठरीव व्यायाम देऊ नका, समुपदेशन आजार बरा करतं असं सांगू नका, रुग्णाला आपली ऊर्जा पुरवून वापरायला शिकवा, असं आता तिथे लिहिलेलं आहे.

नव्या मार्गदर्शनातही मोठ्या जागा रिकाम्या आहेत. आजार बरा करणारं औषध नाही. निदानाची रक्तचाचणी नाही. ज्यांना बोलणं, उजेड, गिळणंही सोसत नाही अशा अतितीव्र रुग्णांना हॉस्पिटलात कसं ठेवायचं, कसं भरवायचं, हे कागदावर थोडं आणि वॉर्डात त्याहून कमी आहे. एडिंबरा विद्यापीठाच्या ‘डीकोडएमई’ प्रकल्पाने ऑगस्ट २०२५ मध्ये १५,५७९ रुग्णांच्या जनुकांचा प्राथमिक निष्कर्ष मांडला. आठ ठिकाणी फरक सापडले, काही प्रतिकारशक्तीशी आणि काही मज्जासंस्थेशी जोडलेले. मोठी आनंदाची बातमी. मात्र ते विश्लेषण युरोपीय वंशाच्या रुग्णांपुरतंच आहे. आपल्या माणसांची जनुकं त्यात नाहीत.

समातल्या एखाद्या साध्या दवाखान्यात मात्र उद्यापासून दोन गोष्टी करता येतील. नेहमीच्या तपासण्या कराव्यातच. थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, बी१२, क्षयरोग, कारण यातलं काही निघालं तर त्यावर उपचार आहेत. पण त्या नॉर्मल आल्या म्हणून फाइल बंद करण्याआधी एक प्रश्न विचारावा: जास्त काम झालं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कसं असतं? उत्तर ऐकायला पाच मिनिटं लागतील. दुसरी गोष्ट, रुग्णाला काही वेळ आडवं झोपवून नाडी आणि बीपी घ्यावं, मग टाचा भिंतीपासून सुमारे सहा इंच पुढे ठेवून, फक्त खांद्यांमागचा भाग भिंतीला टेकवून दहा मिनिटं उभं करावं आणि दर मिनिटाला मोजावं. चक्कर आली तर लगेच थांबवावं. मोठ्या माणसात नाडी ३० ठोक्यांनी चढून तशीच टिकली, तर उभं राहण्याचा त्रास नोंदवता येतो, आणि त्या भागावर मीठ, पाणी, पायांना घट्ट मोजे, काही औषधं असे उपाय आहेत. मीठ अर्थातच बीपी आणि मूत्रपिंड पाहूनच. लागतं काय, तर बीपीचं मशीन, घड्याळ आणि एक मोकळी भिंत.

आणि घरच्यांनी ओट्याशी एक उंच स्टूल आणून ठेवावं, रविवारी बरं वाटलं तरी बाईंना निम्म्यातच उठवून घरी आणावं, आणि मंगळवारच्या पोळ्या दुसऱ्या कुणीतरी लाटाव्यात.